खाडीकाठच्या सोसायटीत उधाणाची भरती: पाणी आत यायच्या आधी काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

नवी मुंबईत नेरूळ, सीवूड्स, बेलापूर, वाशी, कोपरखैरणे, ऐरोली, कुठल्याही खाडीकडच्या सेक्टरमधल्या सोसायटीचा ग्रुप जूनमध्ये उघडून बघा, तेच चालू असतं. "पंप चालू करा कोणीतरी", "वॉचमन कुठेय", "लिफ्टमध्ये पाणी गेलं का". पंप असतो, वाळूच्या गोण्या असतात, कमिटी पण असते, फक्त सगळं उलट्या क्रमाने होतं. मी आमच्याकडे चार वर्षं सेक्रेटरी होतो आणि पहिली दोन वर्षं आम्ही पण हेच केलं, म्हणून हे लिहितोय. सोसायटी असो नाहीतर सिडकोच्या कॉलनीतली ओनर्स असोसिएशन, कामं सारखीच.

मुख्य चूक एकच आहे, आपण पाऊस बघतो आणि भरती बघत नाही. आपल्याकडचे मोठे नाले होल्डिंग पाँडमध्ये (खाडीकाठच्या पाणी साठवायच्या तळ्यांमध्ये) जातात, पाँडच्या तोंडाशी झडपा असतात, भरतीला खाडीचं पाणी वर चढलं की त्या बंद होतात म्हणजे खाडी आत येत नाही, पण मग शहराचं पाणी पण बाहेर जात नाही, ते पाँडमध्ये आणि नाल्यात थांबतं. तेवढ्या वेळात जोरदार पाऊस झाला तर ते रस्त्यावरच साचणार. तोच पाऊस ओहोटीला पडला तर तासाभरात रस्ता मोकळा. त्यामुळे खालचं सगळं भरतीच्या घड्याळावर लावलंय.

१. आधी घड्याळ लावा (मे महिन्यात)

भरती दिवसातून दोनदा येते, साधारण सव्वाबारा ते साडेबारा तासांच्या अंतराने, आणि रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या जवळ उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे कमी. सगळ्यात मोठी भरती पौर्णिमेच्याच दिवशी येते असं समजू नका, बऱ्याचदा ती एक-दोन दिवसांनी येते.

कोळीवाड्यातला जुना हिशोब अजून चालतो: तिथीला पाऊणने गुणायचं, जेवढं येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पंचमी असेल तर पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण मोबाईल बंद पडला तरी अंदाज येतो. पक्क्या वेळेसाठी भरती-ओहोटीचा तक्ता घ्या. बहुतेक तक्ते मुंबईच्या अपोलो बंदरचे असतात आणि आपल्याकडे खाडीत आत पाणी थोडं उशिरा चढतं, किती ते दोन-तीन उधाणांना स्वतः जाऊन बघा आणि तेवढी मिनिटं तक्त्यात मिळवा.

मग जून ते सप्टेंबर ४.५ मीटरच्या वरचे सगळे दिवस एका कागदावर काढून नोटीस बोर्डवर, वॉचमनच्या केबिनमध्ये आणि पंपाच्या खोलीत लावा. मुंबई महापालिका दर पावसाळ्याआधी अशा दिवसांची यादी काढते, तीच घेतली तरी काम होतं.

थांबा: ४.५ मीटर म्हणजे रस्त्यावर साडेचार मीटर पाणी नाही. दरवर्षी कोणीतरी काकू घाबरून फोन करतात. हा आकडा समुद्राच्या नकाशावरच्या खालच्या पातळीपासून मोजलेला असतो, सरासरी समुद्रपातळीच त्या हिशोबात अडीच मीटरच्या आसपास येते. आपल्याला कामाचा आकडा वेगळाच आहे, तो म्हणजे किती मीटर भरती आणि किती पाऊस असला की आपल्या गेटवर पाणी येतं. गेटच्या खांबावर रंगाने दर १० सेंटीमीटरला खूण करा आणि वॉचमनला वहीत लिहायला लावा: तारीख, वेळ, भरती, पाणी कुठपर्यंत. दोन पावसाळ्यांत ही वही कुठल्याही ॲपपेक्षा जास्त उपयोगी पडते.

अजून एक, जून-जुलै-ऑगस्टमध्ये मोठी भरती बहुतेक करून भर दुपारी येते, बारा ते अडीचच्या दरम्यान. म्हणजे कमिटीतली निम्मी माणसं लोकलने ऑफिसला गेलेली असतात आणि घरी असतात रिटायर्ड काका, गृहिणी, वॉचमन आणि बारीक पोरं. कामांची वाटणी करताना दुपारी एक वाजता घरी कोण असतं ते बघा, पद कोणाचं आहे ते नंतर.

२. पैसे आणि मंजुरी (मार्च-एप्रिल, मे उजाडला की उशीर झाला)

हे लवकर उरकतो. कमिटीला स्वतःच्या जोरावर दुरुस्तीचा खर्च करायला सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत मर्यादा आहे: २५ सभासदांपर्यंत २५ हजार, २६ ते ५० ला ५० हजार, त्याच्यावर १ लाख. नवा पंप, गेटवरचे अडसर, मीटर रूमचं बोर्ड वर उचलणं हे सगळं मिळून आकडा सहज वर जातो, मग सभा लागते. विशेष सभेची नोटीस पाच पूर्ण दिवस आधी, वार्षिक सभेची चौदा. जूनमध्ये पाण्यात उभं राहून ठराव करता येत नाही. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत पुढच्या पावसाळ्याचं बजेट पास करून टाका. तेव्हा लोकांना पाणी आठवत असतं, म्हणून कोणी वाद घालत नाही.

३. पाणी कुठून कुठून येतं ते शोधा

बहुतेक सोसायट्यांना वाटतं पाणी गेटमधून येतं. येतं, पण आधी ते गटारातून उलटं येतं आणि ते कोणी बघत नाही. एप्रिलमध्ये एक दिवस ओहोटीची वेळ बघून प्लंबर सोबत घ्या आणि कंपाउंडभर फिरा.

पहिलं, पावसाच्या पाण्याची सोसायटीची लाईन जिथे महापालिकेच्या गटाराला मिळते तो शेवटचा चेंबर उघडा. तिथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी फक्त बाहेर जाऊ देणारा) किंवा झडप आहे का? नसेल तर सगळ्यात आधी ती बसवा, बाकीचं सगळं नंतर. असेल तर हाताने उघडझाप करून बघा. आमच्याकडे झडप होती पण तिच्यात दुधाच्या पिशव्या आणि एक चप्पल अडकलेली, म्हणजे ती तीन वर्षं उघडीच होती आणि आम्ही गेटवर गोण्या रचत बसलो होतो.

दुसरं, जमिनीखालच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप. हा बऱ्याच ठिकाणी थेट गटारात सोडलेला असतो. बाहेर पाणी चढलं की त्याच पाइपातून ते पिण्याच्या टाकीत जातं आणि झाकण कितीही घट्ट असलं तरी उपयोग नाही. पाइप वर उचलून घ्या नाहीतर त्यालाही झडप लावा. हवेचा पाइप पण तेवढाच वर हवा.

तिसरं, तळमजल्याच्या घरांचे नहाणी ट्रॅप (न्हाणीच्या जमिनीतली पाणी जायची जाळी) आणि कमोड. ड्रेनेज भरलं की घाण पाणी तिथून वर येतं. चौथं, केबल आणि फायबरवाल्यांनी कंपाउंडच्या भिंतीला पाडलेली भोकं. हसू नका, आमच्या मीटर रूममध्ये पाणी तिथूनच गेलं होतं.

तपासा: शेवटच्या चेंबरमध्ये उधाणाच्या दिवशी, पाऊस नसताना, भरतीच्या वेळी डोकावून बघा. कोरड्या दिवशी पाणी वर चढताना दिसलं आणि ते खारट असलं, तर झडप गळतेय.

थांबा: नाल्याच्या तोंडाशी तिवरं वाढलीत म्हणून माणसं लावून तोडू नका. कांदळवन तोडणं आणि त्याच्या ५० मीटरच्या पट्ट्यात भराव घालणं मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशाने बंद आहे, गुन्हा दाखल होतो आणि तो सेक्रेटरीवर पण होऊ शकतो. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, फोटो जोडा.

४. पंपाचा हिशोब

"पाच एचपीचा आहे आपला" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय. एचपी सोडा, किती लिटर ते विचारा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमचा प्लॉट २००० चौरस मीटर असेल आणि तासाला ५० मिलिमीटर पडला तर १ लाख लिटर, म्हणजे मिनिटाला साधारण १६७० लिटर. पंपाच्या पाटीवरचा आकडा याच्याशी ताडून बघा. थोडं जमिनीत मुरतं, थोडं टेरेसवर अडतं, पण बाहेरून झिरपणारं पण धरायचंय, म्हणून मी कपात करत नाही. एक मोठा घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या, एक बंद पडला तर दुसरा असतो. फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा) लावा आणि पंपाच्या तोंडाला जाळी, नाहीतर पहिल्या पंधरा मिनिटांत बदामाची पानं जाऊन जॅम.

आता पंपाची लाईन. ही चूक मी स्वतः केली आहे. पाणी चढायला लागलं, आम्ही सुरक्षेसाठी मेन स्विच बंद केला, आणि पंप पण त्याच मेनवर होता. मग अंधारात बादल्या. पंपाची लाईन लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून वेगळी करून घ्या, तिला ३० मिलीॲम्पियरची आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) बसवा आणि स्विच छातीच्या उंचीवर. जनरेटर असेल तर तो कट्ट्यावर चढवा. तळघरात ठेवलेला जनरेटर ज्या दिवशी लागणार त्याच दिवशी बुडतो.

आणि पंप पाणी कुठे टाकतोय? समोरच्या रस्त्यावर टाकत असाल आणि रस्त्यावर आधीच गुडघाभर असेल तर तेच पाणी गेटमधून परत येतं, पंप तासन् तास गोल गोल पाणी फिरवतो आणि सगळे खूश की पंप चालू आहे. आधी गेट अडवायचं, मगच पंप.

५. प्रत्यक्ष दिवस: चार तास आधीपासून

हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट आणि यादीतला उधाणाचा दिवस एकत्र आले की हा क्रम सुरू करायचा. समजा पूर्ण भरती दीड वाजता आहे.

(क) साडेनऊ: वरच्या टाक्या भरून घ्या. जमिनीखालची टाकी पण भरलेली ठेवा. रिकामी टाकी बाहेरच्या पाण्याच्या दाबाने उचलली जाऊ शकते, आणि नंतर दोन दिवस पाणी लागणार ते वेगळंच. दोन्ही पंप पाच मिनिटं चालवून बघा.

(ख) साडेदहा: गाड्या. खालच्या पार्किंगमधल्या गाड्या उंच जागी न्यायला सांगा. कोणती जागा, ते आधीच ठरलेलं हवं, नाहीतर सगळे एकाच वळणावर लावतात आणि मग ॲम्ब्युलन्स शिरत नाही. ऑफिसला गेलेल्यांच्या चाव्या घरी आहेत का ते आदल्या रात्रीच विचारून ठेवा.

(ग) साडेअकरा: गेटवर अडसर. गोणी गच्च भरू नका, अर्धी-पाऊण भरा, तोंड दुमडून आत घ्या, विटांसारखी सांधे चुकवून रचा, बाहेरच्या बाजूने प्लास्टिक. गच्च भरलेल्या गोण्यांमध्ये फटी राहतात. एकाच गेटवर लोखंडी खाचेत सरकवायची फळी करून घेतलीत तर दरवर्षीचं गोण्यांचं काम वाचतं. त्याच वेळी तळमजल्याच्या ट्रॅपवर फडकं आणि वर वाळूची पिशवी.

(घ) त्यानंतर शेवटच्या चेंबरची झडप बंद झाली ना ते बघा. झडप बंद म्हणजे आता आतलं पाणी आतच, म्हणून लगेच पंप.

(ङ) साडेबारा: लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर नेऊन तिथे बंद करायची, खाली नाही. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी गेल्यावर बंद करण्यात अर्थ नाही. हे आजी-आजोबांना सकाळीच सांगा, कोणाची डॉक्टरची वेळ असते, कोणाचं डायलिसिस असतं. अशा घरांची यादी सेक्रेटरीकडे हवीच, ग्रुपवर नको.

(च) मीटर रूमच्या उंबऱ्याला पाणी लागलं की इलेक्ट्रिशियनने मेन बंद करायचा. इलेक्ट्रिशियन पोचला नसेल आणि तुम्ही पाण्यात उभे असाल तर स्विचला हात लावू नका, महावितरणला १९१२ वर फोन करून बाहेरूनच बंद करायला सांगा. फीडर पिलर (रस्त्यावरची विजेची पेटी) आणि ट्रान्सफॉर्मर त्यांचे आहेत, आपला वायरमन कितीही हुशार असला तरी त्याने हात घालायचा नाही.

दीड वाजता पाणी सगळ्यात वर असेल पण काम संपलं नाही. भरती उतरायला लागली तरी बाहेरच्या झडपा उघडेपर्यंत अजून दोन-तीन तास जातात. अडीच वाजता गोण्या काढणारे मी बघितलेत.

६. मेंबरांना मेसेज: कोण, कधी, काय

माझ्या मते सगळ्यात जास्त गडबड इथे होते. एका वेळी सात जण मेसेज टाकतात, त्यात एक कुठल्यातरी जुन्या पुराचा व्हिडिओ टाकतो आणि तळमजल्यावरच्या ज्या काकूंना खरंच कळायला हवं त्या व्हॉट्सॲपवर नसतातच.

ठरवा: मेसेज एकच माणूस टाकणार, दुसरा त्याच्या गैरहजेरीत. त्या दिवसापुरता ग्रुप फक्त ॲडमिनसाठी ठेवा, चर्चेला वेगळा ग्रुप आहेच. तळमजला आणि एकटे राहणारे ज्येष्ठ, यांना इंटरकॉम किंवा वॉचमनने दारावर जाऊन. मेसेज असा:

"आज भरती दुपारी १.३० ला, ४.७ मीटर. पाऊस जोरात आहे. १) खालच्या पार्किंगच्या गाड्या ११ पर्यंत ए विंगच्या मागे. २) लिफ्ट १२.३० ते ५ बंद. ३) तळमजला: ट्रॅपवरच्या वाळूच्या पिशव्या केबिनमधून घ्या. ४) पिण्याचं पाणी १२ च्या आत भरून ठेवा. अडचण असेल तर केबिनला इंटरकॉम. पुढचा मेसेज २ वाजता."

शेवटचं वाक्य गाळू नका. पुढचा मेसेज कधी येणार ते माहीत असलं की लोक मध्ये मध्ये फोन करत नाहीत. आणि दोन वाजता काही बदल नसला तरी "काही बदल नाही" असं टाका. "सर्वांनी काळजी घ्यावी, सतर्क राहावे" असले मेसेज नकोत, त्यातून कोणाला काय करायचं ते कळत नाही.

७. पाणी उतरल्यावर

पहिला नियम, गाडी सुरू करू नका. इंजिनात पाणी गेलेलं असताना चावी फिरवली की पिस्टन अडकतो, आणि विम्याच्या साध्या पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं असलं तरी पाण्यात गाडी चालू केल्याने झालेलं इंजिनाचं नुकसान बरेचदा नाकारतात, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. बॅटरी काढा, फोटो काढा, गाडी ओढून न्या. फोटोत पाण्याची रेघ आणि नंबर प्लेट दोन्ही यायला हवं.

लिफ्ट लिफ्टवाल्याने खड्डा बघितल्याशिवाय चालू नाही. मीटर रूम पूर्ण वाळल्याशिवाय मेन नाही, आणि आपल्याकडे पाणी खारं असतं, म्हणून वरून कोरडं दिसलं तरी टर्मिनलवर क्षार राहतात, ते इलेक्ट्रिशियनकडून साफ करून घ्या. पुढच्या दोन महिन्यांत ट्रिप होत राहिलं तर कारण हेच.

टाकी: बाहेरचं पाणी आत गेल्याची नुसती शंका असली तरी टाकी रिकामी करा, घासा, ब्लीचिंगच्या पाण्याने धुवा, पुन्हा रिकामी करा आणि मग भरा. भरल्यावर नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट (पाण्यातलं क्लोरीन रंगावरून बघायची) करा, कमीत कमी ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन दिसायला हवं. ओटीचं छोटं किट केमिस्टच्या दुकानात नाहीतर पाणी तपासणीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. तोपर्यंत ग्रुपवर "उकळून प्या" हा मेसेज रोज.

तपासा: त्या पाण्यातून कोण कोण चाललं याची यादी करा. वॉचमन आणि सफाईवाले आधी, कारण ते सगळ्यात जास्त वेळ पाण्यात असतात आणि त्यांना कोणी विचारत नाही. लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा ताप) प्रतिबंधक गोळी २४ ते ७२ तासांत डॉक्टरला विचारून घ्यायची असते, पायाला जखम असेल तर लगेच. ताप आला की क्रोसिन खाऊन बसू देऊ नका.

वही बंद करू नका. पाणी कुठल्या खुणेपर्यंत आलं, गेट किती वाजता अडवलं, पंप किती वाजता चालू झाला, कोणतं काम उशिरा झालं, हे त्याच संध्याकाळी लिहा, आठवड्याने सगळे वेगवेगळं सांगतात. आमच्या वहीत २०२१ च्या एका पानावर एवढंच आहे: "झडप बंद झाली नाही. चप्पल." त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या ओहोटीला प्लंबर तो चेंबर उघडतो आणि सही करतो.